गुलमर्गला बर्फ असेल का? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपला की माझा फोन सुरू होतो आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो, 'यंदा बर्फ असेल ना?' आम्ही दहा-बारा जण दर हिवाळ्यात स्कीइंगला जातो. डोंगराळ भागात वाढलेलं आमच्यात कुणीही नाही. रविवारी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढून दम कमवायचा, दुपारी गंगापूर रोडवर मिसळ खाऊन तो घालवायचा, असे आम्ही लोक. पण इतक्या खेपा झाल्यावर बर्फाचा अंदाज कसा वाचायचा याची थोडी अक्कल आली आहे. तीच तीच उत्तरं फोनवर देऊन घसा बसतो, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

कोणत्या तारखांना नक्की बर्फ असतो? आम्हाला रजा टाकायची आहे.

'नक्की' हा शब्द आधी खोडा. गुलमर्गला स्की करण्याजोगा बर्फ असण्याची सगळ्यात जास्त शक्यता जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते. काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस 'चिल्लई कलान', मग वीस दिवस 'चिल्लई खुर्द', मग दहा दिवस 'चिल्लई बच्चा'. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ थंडीमुळे टिकतो आणि त्याचा थर बसतो. नंतर पडणारा बर्फ त्या थरावर साचतो. म्हणून मी चिल्लई खुर्द धरते, म्हणजे साधारण ३० जानेवारी ते १८ फेब्रुवारी. थर बसलेला असतो, वरून ताजा पडण्याची आशा असते आणि दिवसही थोडे मोठे झालेले असतात.

नाताळच्या सुट्टीत जाऊ नका. मुलांच्या शाळेचा प्रश्न मला कळतो, पण डिसेंबरअखेर अनेकदा नुसता पांढरा मुलामा असतो आणि खाली दगड असतात. भाड्याच्या स्कीला दगडाने ओरखडा पडला तर पैसे तुमच्याच खिशातून जातात.

हा बर्फ येतो कुठून? बातम्यांत 'पश्चिमी झंझावात' म्हणतात, तो आणि हा एकच का?

हो. आणि हा प्रश्न नाशिकच्या माणसाला विचारावा लागू नये, कारण त्याची झळ आपल्याकडेही पोचते.

भूमध्य समुद्राकडून निघालेले कमी दाबाचे पट्टे हिवाळाभर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकत असतात. वाटेत कॅस्पियन आणि अरबी समुद्राची आर्द्रता मिळाली की ते आणखी जड होतात. हिमालयाशी गाठ पडली की हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि पीर पंजालच्या रांगेवर ओझं उतरवते. गुलमर्ग याच रांगेच्या कुशीत आहे. हिवाळ्याच्या ऐन काळात दर महिन्याला असे चार-पाच झंझावात येतात, पण सगळेच कामाचे नसतात. काही नुसते ढग दाखवून जातात.

आमचे सासरे अण्णा पिंपळगावजवळ द्राक्षबाग करतात. त्यांनी आयुष्यात स्की पाहिलेली नाही, पण काश्मिरात बर्फ पडल्याची बातमी ते माझ्याआधी ऐकतात. 'तिकडं पडला का? मग इकडं दोन-तीन दिवसांत कडाका.' झंझावात पुढे सरकला की त्याच्या मागून उत्तरेचे कोरडे गार वारे सुटतात, आकाश निरभ्र होतं आणि निफाडचा पारा गडगडतो. मग बागेत पहाटे शेकोट्या पेटवायच्या, ठिबकचं पाणी सोडायचं, मणी तडकू नयेत म्हणून जीव टाकायचा. म्हणजे एकाच घरात आम्ही एकाच झंझावाताची वाट बघत असतो. मी तो यावा म्हणून, अण्णा येऊ नये म्हणून.

उपयोगाची गोष्ट ही की निफाडचा पारा घसरला असेल, तर गुलमर्गचा बर्फ बहुधा पडून गेलेला असतो आणि तिकडे स्वच्छ ऊन असतं. त्या दोन-तीन दिवसांत जो डोंगरावर असेल तो नशीबवान.

फोनवर गुलमर्गला उणे चार आणि बर्फाचं चित्र दाखवतंय. मग झालं ना?

नाही झालं. गुलमर्ग म्हणजे एक ठिकाण नाही, ती एक उभी भिंत आहे. बाजार आणि हॉटेलं साधारण २६५० मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा कोंगडूरीला सोडतो, ती जागा ३०८० मीटरच्या आसपास. दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३९५० मीटरवर जातो. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे गोंडोलाचं वरचं स्टेशन कळसूबाईच्या दुप्पट उंचीहूनही वर आहे. फोनने यातली कुठली उंची धरली हे तो सांगत नाही.

आता हिशेब करा. वर चढताना हवा दर हजार मीटरला ढोबळमानाने साडेसहा अंशांनी गार होते. श्रीनगर सुमारे १५८५ मीटरवर आहे. समजा तिथे ८ अंश आहे आणि पाऊस पडतोय. गुलमर्गच्या बाजारात तापमान एक अंशाच्या आसपास येईल, म्हणजे पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी चिकचिकीत. कोंगडूरीला उणे दीड-दोन, तिथे जड, ओला बर्फ. अफरवटला उणे सात, तिथे भुसभुशीत, कोरडा, ज्यासाठी परदेशातून लोक येतात तो बर्फ. एकच ढग, एकच सकाळ आणि तीन वेगळी हवामानं. हॉटेलच्या खिडकीतून पाऊस बघून खोलीत बसलेले आणि वरून पांढरे होऊन आलेले, असे दोन्ही लोक मी एकाच जेवणाच्या टेबलावर पाहिले आहेत.

म्हणून अंदाजात आधी शोधायचा तो शून्य अंशाच्या पातळीचा आकडा. अमुक उंचीच्या वर हवा गोठणबिंदूखाली आहे, असं तो सांगतो. बर्फाचे कण वितळायला थोडा वेळ घेतात, त्यामुळे बर्फ त्या पातळीच्या दोन-तीनशे मीटर खालपर्यंतही पडतो. शून्याची पातळी २२०० असेल तर निर्धास्त राहा. ३००० असेल तर बाजारात छत्री लागेल.

हे उलटंही होतं का? म्हणजे खाली जास्त थंडी?

होतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. अशा रात्री श्रीनगरचा पारा गुलमर्गच्याही खाली गेलेला दिसतो. नाशिक शहरात १० आणि निफाडला ६ असं पेपरात वाचून आपल्याला नवल वाटत नाही. त्यातला मोठा वाटा याच कारणाचा, गोदा-कादवेच्या सखल पट्ट्याचा.

कोणतं अ‍ॅप बघायचं?

अ‍ॅपपेक्षा तुम्ही ते कसं बघता याला महत्त्व आहे, तरी माझा क्रम सांगते.

सगळ्यात आधी हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचं पत्रक. त्यात 'तुरळक ठिकाणी', 'काही ठिकाणी', 'अनेक ठिकाणी', 'बहुतांश ठिकाणी' असे शब्द असतात. ते गुळमुळीत वाटतात, पण प्रत्येकाला माप आहे. तुरळक म्हणजे त्या विभागातल्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर, बहुतांश म्हणजे तीन चतुर्थांशाहून जास्त. 'उंच भागात बहुतांश ठिकाणी मध्यम ते जोरदार हिमवर्षाव' असं वाक्य दिसलं की मी बॅग भरायला घेते. 'तुरळक ठिकाणी हलका' असेल तर तो न धरलेलाच बरा. पिवळा, केशरी, लाल हे रंग आपल्याला अवकाळी पावसामुळे पाठ आहेतच. बर्फालाही तेच रंग.

त्यानंतर विंडी. त्यात उंची बदलायची सोय आहे. ३००० मीटर निवडलं की कोंगडूरीच्या आसपासचा वारा दिसतो, ४२०० निवडलं की अफरवटच्या थोडा वरचा. नुसता जमिनीवरचा वारा बघून काही कळत नाही. तिथेच अंदाज काढणारी युरोपीय आणि अमेरिकी संगणक-मॉडेलं अदलाबदल करून बघा. दोघांचं जमत असेल तर विश्वास वाढतो. एक म्हणतंय साठ सेंटिमीटर आणि दुसरं म्हणतंय पाच, तर मी त्यांची सरासरी काढत नाही. एवढंच समजते की अजून कुणालाच काही माहीत नाही.

मॉडेलची मर्यादाही लक्षात असू द्या. युरोपीय मॉडेलची जाळी, म्हणजे हिशेबासाठी पाडलेले जमिनीचे चौकोन, साधारण ९ किलोमीटरची आहे. मे २०२५ मध्ये आपल्याकडे सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरवर आली, हे मोठं काम आहे. पण गुलमर्गचा बाजार आणि अफरवटचा खांदा यांत त्याहून कमी अंतर आहे. जाळीच्या एकाच चौकोनात दोन्ही मावतात, म्हणून उंचीचा हिशेब आपणच करायचा.

आणि पोस्टपेड सिम घेऊन जा. आपलं इकडचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. श्रीनगर विमानतळावर उतरून 'नेटवर्क नाही' म्हणून फोन वर धरून फिरणारा एक तरी प्रत्येक खेपेला भेटतो.

किती दिवस आधीचा अंदाज खरा मानायचा?

दहा दिवस आधी: झंझावात येतोय एवढंच. पाच दिवस आधी: कोणत्या दिवशी, हे बऱ्यापैकी. दोन दिवस आधी: किती आणि कुठल्या उंचीपासून. पंधरा दिवसांनंतरच्या तारखेला अ‍ॅपने 'बर्फ ३२ सें.मी.' लिहिलं असेल, तर त्यातल्या '२' ची मला गंमत वाटते.

दर सकाळी स्क्रीनशॉट काढून ठेवा. आकडा रोज वाढतोय, रोज घटतोय की नुसता उड्या मारतोय, यावरून जितकं कळतं तितकं एका दिवसाच्या आकड्यावरून कळत नाही. ही सवय अण्णांची. द्राक्षावर डाउनी रोग येईल का, फवारणी आज करू की उद्या, हे ते असंच ठरवतात. फक्त स्क्रीनशॉटऐवजी त्यांच्याकडे कॅलेंडरच्या मागची कोरी बाजू असते.

'बेस १२० सें.मी., ताजा १५ सें.मी.' याचा अर्थ काय?

बेस म्हणजे जमिनीपासूनचा एकूण साचलेला थर. ताजा म्हणजे गेल्या चोवीस तासांत पडलेला. दोन्ही आकडे कुठल्या उंचीवर मोजले हे विचारल्याशिवाय त्यांना किंमत नाही. वर दोन मीटर आणि बाजारात एक वीत, असं सर्रास असतं.

पाण्याचा हिशेबही उपयोगी पडतो. अंदाजात कधी बर्फाऐवजी 'पर्जन्य १० मि.मी.' असं असतं. तेवढ्या पाण्याचा ढोबळमानाने १० सेंटिमीटर बर्फ होतो. हवा खूप गार आणि कोरडी असेल तर पंधरा किंवा जास्त. शून्याच्या आसपास असेल तर सहा-सात, तोही ओल्या सिमेंटसारखा. शिवाय ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो. आज ४० पडला म्हणून परवा ४०च मिळेल असं नाही. ताज्या भाकरीसारखंच ते, टोपलीत ठेवली की फुगवटा उतरतो.

बर्फ तो बर्फ. त्यात प्रकार कसले?

इथे आपली भाषा जरा आडवी येते. मराठीत उसाच्या रसात टाकतात तोही बर्फ, गोळेवाला किसतो तोही बर्फ आणि आकाशातून पडतो तोही बर्फच. 'हिम' म्हणायला गेलं तर शाळेच्या भूगोलात बसल्यासारखं वाटतं. त्यामुळे पलीकडचा माणूस 'बर्फ आहे' म्हणाला की नेमका कुठला, हे विचारावंच लागतं. आमच्या ग्रुपमध्ये यासाठी आमचे शब्द ठरलेत.

रवा म्हणजे ताजा, कोरडा, मुठीत धरला तर गोळा न होणारा. स्कीवाले याला पावडर म्हणतात. स्वर्ग आहे, पण नवशिक्याला यात वळता येत नाही, तो गुडघ्यापर्यंत रुततो. नवशिक्यांसाठी यंत्राने दाबून सपाट केलेला उतार सगळ्यात चांगला. पापुद्रा म्हणजे वरून कडक, खाली पोकळ. दुपारी वितळून रात्री गोठला की असं होतं, आणि पाय मोडायला याच्यासारखा मुहूर्त नाही. फरशी म्हणजे पूर्ण टणक आणि गुळगुळीत. सकाळी नऊला बर्‍याचदा हीच असते, अकरापर्यंत थोडी सैल होते. चिखल म्हणजे मार्चमधल्या दुपारचा पाणथळ बर्फ.

अंदाजावरून हे ओळखता येतं. रात्री उणे आठ, दुपारी अधिक चार आणि चार दिवस ताजा बर्फ नाही, तर सकाळी फरशी आणि दुपारी चिखल मिळणार. दिवसभर शून्याखाली आणि काल बर्फ पडलेला, तर रवा. फेब्रुवारी सरत आला की सकाळी साडेदहा ते साडेबारा हे दोन तास उत्तम. जेवण त्यानंतर.

नाशिकला गारपीट होते तेव्हा शेत पांढरंशुभ्र होतं. तसंच दिसतं का?

फोटोत दिसतं, पायाखाली नाही. गार ही उंच वादळी ढगात तयार होते. वर चढणारा जोरदार वारा पाण्याच्या थेंबाला ढगात झेलत ठेवतो, त्यावर बर्फाचे थर चढत जातात आणि वजन पेलेनासं झालं की ती दाणकन खाली येते. हिमकणाचा जन्म शांत असतो. वाफ थेट स्फटिक होते, सहा बाजूंची, आणि उणे पंधराच्या आसपास त्याला सगळ्यात सुंदर फांद्या फुटतात. त्यामुळे ताज्या बर्फात बहुतांश हवाच असते.

२६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारांनी द्राक्षबागा झोडपल्या. त्यानंतर आमच्या घरी काही दिवस बर्फ हा शब्द कुणी काढला नाही. मीही त्या वर्षी सहलीची गोष्ट उशिराच काढली.

गोंडोला चालू असेल का?

खालचा टप्पा बहुतेक वेळा असतो. वरच्या टप्प्याचं काही सांगता येत नाही. तो दोन कारणांनी बंद राहतो, वारा आणि मोठ्या हिमवर्षावानंतरचा हिमस्खलनाचा धोका. विंडीवर ४२०० मीटरला ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या पुढे वारा दिसला की वरचा टप्पा आज नाही असं मी धरून चालते. हा माझा अंदाज आहे, त्यांचा नियम नव्हे.

यात एक गंमत लपलेली आहे. जोरदार बर्फ पडतो त्या दिवशी गोंडोला बंद, दुसऱ्या दिवशीही उतारांची तपासणी होईपर्यंत बंद. म्हणजे बर्फ पडण्याच्या दिवशीच पोचलात तर दोन दिवस खिडकीतून बघत बसायचं. झंझावात संपण्याच्या दिवशी पोचणं हे सगळ्यात साधलेलं गणित. तिकीट ऑनलाइन आणि आधी काढावं लागतं, गर्दीच्या दिवसांत लवकर संपतं. दोन वेगळ्या दिवसांची काढा, एक वाया गेलं तर गेलं.

हिमस्खलनाची भीती कितपत खरी?

अगदी खरी, आणि यावर मी चेष्टा करत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले. २२ फेब्रुवारी २०२४ ला खिलनमर्गच्या बाजूला एक रशियन. दोन्ही वेळा ताजा बर्फ भरपूर होता आणि माणसं आखलेल्या उताराबाहेर होती.

साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार सगळ्यात धोकादायक. त्याहून सपाट असेल तर सहसा घसरत नाही, त्याहून उभा असेल तर बर्फ साचतच नाही. जुन्या, टणक झालेल्या थरावर एकदम खूप ताजा बर्फ पडला, वर वाऱ्याने तो एका बाजूला लोटला, की तो वरचा थर पाटीसारखा सुटायला एका माणसाचं वजन पुरतं. बहुतेक अपघातांत स्खलन सुरू करणारा तो माणूस किंवा त्याचा सोबतीच असतो. गाडलेल्याला बाहेर काढायला मिळणारा वेळ फार थोडा. पंधरा मिनिटांनंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत उशीर झालेला असतो.

इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था देते. पूर्वी हेच काम 'सासे' या नावाने चालायचं. धोका एक ते पाच अशा पायऱ्यांत सांगतात. लोक तीनला 'मध्यम' समजून जातात, तिथेच फसतात. तीन म्हणजे बराच धोका. आमच्या ग्रुपचा नियम साधा आहे. आखलेला उतार सोडायचा नाही. ज्याला सोडायचा असेल त्याच्याकडे बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आणि ते वापरायचा सराव हवा, आणि स्थानिक गाइड हवा. 'तिकडे कुणी गेलंच नाहीये, मस्त पांढरं आहे' असं म्हणणाऱ्याला आम्ही पुढच्या वर्षी बोलावत नाही.

थंडी झेपेल का? आम्हाला निफाडची सवय आहे.

निफाडला ऊन वर आलं की स्वेटर निघतो. गुलमर्गला बऱ्याचदा दिवसभर शून्याखाली राहावं लागतं आणि वारा वेगळा. थर्मल, मधला लोकरीचा थर, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. सुती काही नको, घाम धरून ठेवतं. जीन्स घालून स्कीवर उभा राहिलेला माणूस तासाभरात ओळखू येतो.

उन्हाला कमी लेखू नका. उंचीबरोबर अतिनील किरणं दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. हनुवटीच्या खाली, नाकपुड्यांच्या आत भाजतं. गॉगल नसेल तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. अंदाजात 'निरभ्र' दिसलं की मी पाठवलेला पहिला मेसेज सनस्क्रीनचा असतो, स्कीचा नाही.

औली किंवा सोलंग का नको? गुलमर्गचाच हट्ट का?

हट्ट उंचीचा आहे. औली साधारण २५०० ते ३०५० मीटर, सोलंग २५०० च्या आसपास. शून्याची पातळी जरा वर गेली की तिथे सगळंच ओलं होतं. गुलमर्गला वर पळायला जागा आहे. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला ती वरची जागा लागतच नाही, आणि औलीचे उतार शिकायला सुंदर आहेत. समोर ७८१६ मीटरची नंदादेवी असते ते वेगळंच. औलीत कृत्रिम बर्फ करायची यंत्रं बसवलेली आहेत, पण त्यांनाही हवा शून्याखाली लागते. उबदार हिवाळ्यात यंत्र काय करणार? जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला औलीचा रोपवे बंद झाला, त्यामुळे वर गाडीनेच जायची तयारी ठेवा आणि रस्त्याचा अंदाजही बघा.

पद्धतशीर शिकायचं असेल तर गुलमर्गची आयआयएसएम ही स्कीइंगची सरकारी संस्था, मनालीची पर्वतारोहण संस्था आणि औलीत गढवाल मंडल विकास निगम कोर्स घेतात.

गेलो आणि बर्फच नसला तर?

आमच्यावर ती वेळ आली आहे. जानेवारी २०२४. गुलमर्गची तपकिरी कुरणं तेव्हा देशभरच्या बातम्यांत होती. आमचं बुकिंग जानेवारीच्या मध्याचं. मी हॉटेलात फोन केला. 'बर्फ है मॅडम, आ जाइए.' होता, हॉटेलच्या मागे सावलीत, दोन सतरंज्यांएवढा. वहिनींनी त्यावर उभं राहून फोटो काढून घेतला. चार दिवस आम्ही घोड्यांच्या शेणातून फिरलो, कहवा प्यायलो, २३ तारखेला परतलो. महिनाअखेरीस तिथे बर्फ पडला. चूक माझी. सगळे नकाशे कोरडे दिसत होते, पण तारखा ऑक्टोबरमध्येच पक्क्या केल्या होत्या आणि पैसे परत मिळणार नव्हते. मग नकाशे वाचून काय उपयोग?

त्या खेपेनंतर आम्ही तारीख नाही, पंधरवडा ठरवतो. रजा पंधरवड्यात कुठेही सरकेल अशी मागायची, तारीख बदलता येणारं विमानाचं तिकीट थोडे जास्त पैसे देऊन घ्यायचं, आणि अंदाज बघून सात-आठ दिवस आधी नक्की करायचं. सगळ्यांना हे जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांना मी आधीच सांगते की तुम्ही बर्फासाठी नाही, काश्मीरसाठी चला.

आणि हे फक्त आपल्यासारख्या हौशींचं होत नाही. २०२५ मध्ये गुलमर्गचे खेलो इंडिया हिवाळी खेळ फेब्रुवारीत व्हायचे होते. बर्फ कमी म्हणून पुढे ढकलले आणि ९ ते १२ मार्चला झाले.

पोचायला अडचण? किती दिवस जास्तीचे ठेवायचे?

दोन्ही बाजूंना एक-एक. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्ली आणि पुढे श्रीनगर हा सोपा मार्ग. मोठा बर्फ पडला की श्रीनगरची विमानं रद्द होतात. रस्त्याने जम्मूहून निघालात तर रामबनच्या पट्ट्यात दरडी पडतात. मनमाडहून झेलम एक्सप्रेसने जम्मूला जाणारे आमच्यात दोघं-तिघं असतात. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाल्यापासून त्यांचा रामबनचा घोर गेला. शेवटचा तुकडा तंगमर्ग ते गुलमर्ग, १३ किलोमीटरचा. ताज्या बर्फात तिथून चाकांना साखळ्या लावलेली किंवा फोर बाय फोर गाडीच वर जाते. तंगमर्गला गाडी बदलावी लागली तर भांडू नका, तो ड्रायव्हर रोज तो रस्ता बघतो.

मे महिन्यात बर्फ मिळेल का?

वरच्या टप्प्यावर चट्टे मिळतील. स्कीइंगचा हंगाम संपलेला असतो.

सासूबाईंना फक्त बर्फ पडताना बघायचाय, स्की नाही.

मग वरचं सगळं उलटं वाचा. झंझावात येण्याच्या आदल्या दिवशी गुलमर्गला पोचा, खिडकीजवळची खोली घ्या, कांगडी (शेकायची निखाऱ्यांची टोपली) मागवा. शून्याची पातळी मात्र बघाच, नाहीतर पाऊस बघून याल, जो घोटी-इगतपुरीला फुकट दिसतो.

यंदा तुम्ही कधी निघताय?

पंधरवडा ठरलाय, तारीख नाही. फेब्रुवारीचा पहिला. विंडी मी रोज सकाळी बघते. बाकी, अण्णांनी 'इकडं शेकोटीची लाकडं भरून ठेव' असा फोन केला की ग्रुपवर मेसेज टाकेन.